घराच्या मधल्या चौकावरची गळकी शीट बदलायची आहे? कामाचा आणि खर्चाचा पूर्ण हिशेब

परभणीतलं आमचं घर २० बाय ५० च्या प्लॉटवर आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढून-मागून येणारा उजेड पहिल्या खोलीतच संपतो. मधला हॉल, देवघर आणि जिन्याखालची जागा उजळते ती स्लॅबमध्ये सोडलेल्या ५ बाय ७ फुटांच्या चौकामुळे. नांदेड, लातूर, जालना, कुठल्याही नव्या वस्तीत गेलात तर अशी घरं ओळीनं दिसतील. कुणी त्या जागेला डक्ट म्हणतं, कुणी चौक, कुणी जाळी, आर्किटेक्ट स्कायलाइट म्हणतात. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात हेच काम साणं, म्हणजे छतात उजेडासाठी सोडलेलं भोक, करायचं.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिच्यात आमच्या चौकावरच्या फायबर शीटला भोकं पडली. मिस्त्री म्हणाला, "काका, शीट बदलली की झालं बघा." बदलली. दुसऱ्याच पावसाळ्यात देवघरासमोर बादली ठेवायची वेळ आली. पुन्हा शीट बदलली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सगळं उतरवून पाहिलं तेव्हा कळलं, की पाणी शीटमधून येतच नव्हतं. शीट ज्या विटांच्या काठावर टेकली होती तो काठ फुगला होता आणि लोखंडी अँगल जवळजवळ सपाट होते. दोनदा घातलेले पैसे चुकीच्या जागी गेले होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा हिशेब इतका खोलात लिहितोय.

आधी गळती कुठून आहे ते शोधा

फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी चौकट करणाऱ्याला, फोन करण्याआधी एक तास काढून हे बघा. खाली उभं राहून स्लॅबच्या कडेला, चौकाच्या चारी बाजूंच्या गिलाव्याकडे नजर टाका. गिलावा फुगलाय, पोपडे धरलेत, पांढरी खारी पूड दिसतेय, तर पाणी काठातून मुरतंय. नवी शीट टाकूनही ते थांबणार नाही. थेंब चौकाच्या मधोमध पडत असेल तर स्क्रूचं भोक किंवा शीटचा सांधा दोषी असतो. पाऊस वाऱ्यासकट आला तरच पाणी आत येत असेल, तर शीटची झड अपुरी आहे, म्हणजे शीट काठाच्या बाहेर पुरेशी आलेली नाही.

मग गच्चीवर जा. शीटवर पाय ठेवू नका. उन्हात वर्षानुवर्षं भाजलेली शीट दिसायला धड असली तरी माणसाचं वजन घेत नाही. कडेला बसून स्क्रूच्या आजूबाजूला बघा. भोकापासून निघालेल्या बारीक तडा दिसल्या तर स्क्रू जास्त आवळले होते, किंवा शीटला फुगायला-आकसायला जागा ठेवली नव्हती. पोकळ नळ्यांच्या शीटमध्ये आत हिरवं शेवाळ दिसत असेल तर तिची टोकं उघडी राहिली आहेत. नुसती पिवळी पडलेली पण न गळणारी शीट अजून एखादं वर्ष चालते, घाई नको.

या पाहणीतून तीनपैकी एक निर्णय निघतो: फक्त सील आणि स्क्रू बदलायचे (हजार-दोन हजारांचं काम), शीट बदलायची, किंवा काठापासून सगळं नवं करायचं. दहा-पंधरा वर्षं जुन्या घरात बहुधा तिसरंच लागतं.

माप घेताना लोक फसतात ते इथे

आमचा चौक ५ बाय ७, म्हणजे ३५ चौरस फूट. पण त्यावर लागणारी शीट ६२ चौरस फूट आहे. फरक असा पडतो: चौकाभोवती ४ इंच रुंदीचा विटांचा काठ, म्हणजे बाहेरचं माप ५ फूट ८ इंच बाय ७ फूट ८ इंच. त्याच्या बाहेर चारी बाजूंना अर्धा फूट तरी झड हवी. आम्ही शीट ६ फूट १० इंच बाय ९ फूट धरली.

६ फूट १० इंच हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. पॉलिकार्बोनेटची पोकळ शीट बाजारात साधारण २.१ मीटर रुंदीची येते, म्हणजे ६ फूट १० इंचांहून जरा जास्त. चौकट त्या मापात बसवली तर मधे सांधा घ्यावा लागत नाही. सांधा नाही म्हणजे गळायची एक जागा कमी, आणि सांध्याच्या अॅल्युमिनियम पट्टीचा खर्चही वाचला. तुमचा चौक मोठा असेल तर सांधा येणारच, पण तो उताराच्या दिशेनं यावा, आडवा येऊ नये.

कोटेशन देणारा "चौकाच्या मापानं" भाव सांगत असेल तर तिथेच थांबवून विचारा, की झडीसकट किती फूट धरलेत. ३५ फुटांचा भाव ऐकून होकार द्यायचा आणि बिल ६२ फुटांचं यायचं, ही नेहमीची भांडणं आहेत.

फायबर, पॉलिकार्बोनेट की काच

फायबरची नालीदार शीट सगळ्यात स्वस्त, चौरस फुटाला ३५ ते ८० रुपयांपर्यंत. गोठ्यावर, पार्किंगवर ठीक. घराच्या मधोमध ती घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हानं तिच्यातलं रेझिन झिजतं, काचेचे बारीक धागे वर येतात, हात लावला की खाज सुटते, आणि उजेड वर्षागणिक पिवळट होत जातो.

पॉलिकार्बोनेटचे दोन प्रकार. पोकळ शीट, जिच्यात दोन पातळ थरांमधे नळ्या असतात. ६ एमएमला चौरस फुटाला साधारण ४५ ते ७०, १० एमएमला ८० ते १२० रुपये. नळ्यांमधली हवा ऊन थोडं अडवते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात १० एमएमच घ्या. दुसरी भरीव शीट, दिसायला काचेसारखी. ३ ते ४ एमएमला १०० ते २०० रुपयांच्या दरम्यान. गारांचा मारा भरीव शीट सगळ्यात चांगला झेलते. मोठ्या गारेनं पोकळ शीटचा वरचा पातळ थर फुटू शकतो. तुमच्या भागात अवकाळीत गारा वारंवार पडत असतील आणि चार-पाच हजार जास्त घालता येत असतील, तर भरीव घ्या. बाकीच्यांना १० एमएमची पोकळ पुरते.

काच सुंदर दिसते, वर्षानुवर्षं पिवळी पडत नाही, पावसाचा ताडताड आवाजही कमी. पण डोक्यावर काच लावायची तर ती लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांमधे फिल्म चिकटवलेली. नुसती टफन्ड, म्हणजे भाजून कडक केलेली, काच फुटली की तिचे साखरेच्या खड्यांएवढे तुकडे होऊन सगळे एकदम खाली येतात, आणि ती कधीकधी कुणी धक्का न लावताही फुटते. लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. दोन टफन्ड काचा चिकटवून केलेली लॅमिनेटेड घेतली तर फारच उत्तम, भाव चौरस फुटाला ३५० ते ५५० रुपये. सुरक्षा काचेसाठी आपल्याकडे आयएस २५५३ हे मानक आहे, बिलावर त्याचा उल्लेख मागा. टफन्ड काच एकदा भाजून आली की कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. माप चुकलं तर तुकडा वाया. माप काच देणाऱ्यानंच येऊन घ्यावं.

वजनाचाही विचार करा. काचेचं वजन जाडीच्या दर एमएमला चौरस मीटरमागे अडीच किलो. ६ आणि ६ अशा १२ एमएमच्या काचेचे आमच्या मापाला जवळपास १७० किलो होतात. १० एमएमची पोकळ पॉलिकार्बोनेट शीट तेवढ्याच मापाला १० किलोही भरत नाही. काच घेतली की खालची लोखंडी चौकटही जवळजवळ दुप्पट जड लागते.

पैशांचा हिशेब

खाली ५ बाय ७ च्या चौकाला, १० एमएमच्या पोकळ शीटनं, काठापासून नवं काम धरलं आहे. लोखंडाचा भाव हलत राहतो आणि मजुरी गावागणिक वेगळी, म्हणून प्रत्येक ठिकाणी वजन किंवा माप दिलंय. तुमच्या गावचा भाव घालून गुणाकार करा.

जुनं काढणं आणि काठ दुरुस्ती: मिस्त्री एक दिवस ९००, बिगारी ६००, सिमेंट-वाळू ५००, वॉटरप्रूफिंगचं रसायन ६००. एकूण २,६००.
चौकट: ४० बाय ४० एमएमचा, २ एमएम जाडीचा चौकोनी पाइप, पायांसकट सुमारे ५० किलो, मजुरी आणि रंगासह किलोला ११० रुपये. ५,५००.
शीट: ६२ फूट, १०० रुपयांनी ६,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी. सुमारे ७,३००.
अॅल्युमिनियमच्या कड-पट्ट्या, टेप, स्टेनलेस स्क्रू, रबरी वॉशर: १,५००.
सांधे बुजवायच्या सिलिकॉनच्या ३ नळ्या: ९००.
मोकळ्या बाजूची पाखरं-डासांसाठीची बारीक जाळी: ८००.
स्लॅबच्या पातळीवरची जुनी गजांची जाळी घासून रंगवणं: १,५००.
वाहतूक: ८००.
शीट बसवण्याची मजुरी, फुटाला ३० रुपये: सुमारे १,९००.

बेरीज २२,८००. वर दहा टक्के हाताशी ठेवा, म्हणजे २५ हजार. काठ फोडल्यावर आतून काय निघेल ते आधी दिसत नाही, हे दहा टक्के त्यासाठी आहेत.

हेच काम लॅमिनेटेड काचेत केलं तर काचच ४५० रुपयांनी जीएसटीसह ३२,९०० ला जाते, चौकट ९० किलोची होऊन ९,९०० ला, सिलिकॉनला ३,०००, वाहतुकीला २,५०० आणि बसवायला ५,०००. काठ, बारीक जाळी आणि रंगकाम धरून ५८ हजारांच्या पुढे, राखीव रकमेसह ६४ हजार. आणि काठाला हात न लावता फक्त फायबर शीट बदलली तर साडेसहा हजारांत काम उरकतं. तेच मी दोनदा केलं, आणि शेवटी काठाचा खर्च चुकला नाहीच.

स्लॅबच्या पातळीवर गजांची जाळी मुळातच नसेल तर ती आधी बसवा. १२ एमएमच्या चौरस गजांची, ४ इंचांच्या अंतरानं, चौकटीसकट साधारण ४५ किलो भरते, म्हणजे ५ हजारांच्या आसपास. चोराची भीती आहेच, पण मला त्याहून मोठी भीती वाटते ती संक्रांतीला पतंगामागे गच्चीवर उलटं पळणाऱ्या पोरांची. वानरंही शीटवर उड्या मारतात. शीट फुटली तरी माणूस खालच्या मजल्यावर जाऊ नये, ही जबाबदारी त्या जाळीची. या ५ हजारांत काटकसर करू नका.

काठ आणि उतार

काम इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. जुना काठ ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा विटांपर्यंत काढा. काठाची उंची गच्चीच्या तयार फरशीपासून किमान ६ इंच हवी, ९ असेल तर उत्तम. गच्चीवर नंतर कोबा किंवा चायना मोझॅक केलेलं असतं, त्यामुळे मूळ ६ इंचांचा काठ ३ इंच उरतो, आणि जोराच्या पावसात गच्चीवर साचलेलं पाणी सरळ काठावरून आत उतरतं. उंची कमी भरत असेल तर विटांचा एक थर चढवा.

काठ आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई द्या, सरळ काटकोन ठेवू नका. काटकोनात तडा जाते आणि पाणी तिथेच मुरतं. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, काठाच्या बाहेरच्या अंगानं वर जाऊन माथ्यावरून आतपर्यंत. मिस्त्री फक्त बाहेरून लावतो, माथा तसाच सोडतो. उभं राहून करवून घ्या. सिमेंटचं काम झालं की किमान तीन-चार दिवस पाणी मारा, मगच चौकट बसवा. फॅब्रिकेटर दुसऱ्याच दिवशी ड्रिल घेऊन येतो, त्याला थांबवा.

उतार फुटाला एक इंच. ९ फुटांच्या शीटला एका बाजूचे पाय ९ इंच उंच. यापेक्षा कमी उतार दिला तर धूळ साठते, धुळीत पाणी थांबतं, पाण्यात शेवाळ येतं. पोकळ शीटमधल्या नळ्या उताराच्या दिशेनंच जायला हव्यात, आडव्या घातल्या तर आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही. उंच बाजू मोकळी ठेवून तिथे बारीक जाळी मारा, गरम हवा तिथून निघून जाते. ही मोकळी बाजू पूर्वेकडे करा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला तोंड ठेवलं तर पाऊस आत घुसतो.

पाइप गॅल्वनाइज्ड घेतला तर किलोला थोडे जास्त जातात, पण गंजाची चिंता कमी. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे जस्ताचा रंग ब्रशनं लावायला सांगा. साधा पाइप असेल तर वर चढवण्याआधी प्राइमर मारून घ्या, शीटखाली गेलेल्या वरच्या बाजूला नंतर कुणाचाच ब्रश पोहोचत नाही.

शीट बसवताना उभं राहून बघायच्या गोष्टी

पॉलिकार्बोनेट उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०६५ एमएम. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेली शीट मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापते. ९ फुटांच्या शीटला म्हणजे जवळपास ९ एमएमची हालचाल. स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच असेल तर ही हालचाल कुठे जाणार? शीट फुगून कमानदार होते, नाहीतर भोकाजवळ तडकते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा ३-४ एमएम मोठं हवं, त्यावर रुंद रबरी वॉशर, आणि स्क्रू इतकाच आवळायचा की वॉशर बसेल, दबून चपटा होणार नाही. वॉशर ईपीडीएम रबराचा मागा. मऊ पीव्हीसीच्या वॉशरमधलं तेल शीटला खातं.

शीटची एकच बाजू ऊन सोसणारी असते. त्या बाजूच्या फिल्मवर छपाई असते, ती वर यायला हवी. उलटी बसलेली शीट दोन-तीन वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते, आणि बसवल्यावर डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे फिल्म आधीच सोलू देऊ नका, आणि बसवून झाल्यावर त्याच दिवशी सोला. उन्हात राहिली की ती शीटलाच चिकटते.

नळ्यांची वरची टोकं अॅल्युमिनियम टेपनं पूर्ण बंद, खालची टोकं बारीक छिद्रांच्या टेपनं, म्हणजे धूळ-किडे आत जाणार नाहीत पण ओल बाहेर पडेल.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते स्वस्त सिलिकॉन पॉलिकार्बोनेट आणि लोखंड दोन्ही खराब करतं. नळीवर लिहिलेलं असतं, मिस्त्रीच्या हातात जाण्याआधी वाचा.

जाडीत फसवणूक होते. सांगितली १० एमएम, आली ८. पट्टी लावून नळ्यांसकट जाडी मोजा, आणि वजन करा. १० एमएमची पोकळ शीट चौरस मीटरला साधारण १.७ किलो भरते, आमची ६२ फुटांची पावणेदहा किलो भरायला हवी. त्याहून फार हलकी असेल तर थर पातळ आहेत. किराणा दुकानातला वजनकाटाही या कामाला पुरतो.

मे महिन्याचं काय

पारा ४२-४३ वर गेला की चौकाखाली उभं राहवत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. त्याला कंटाळून लोक चौकावर स्लॅब टाकून मोकळे होतात, आणि मग भरदुपारी देवघरात बल्ब लावतात. असं करू नका. पारदर्शक शीटऐवजी दुधी रंगाची घ्या, उजेड मऊ येतो आणि ऊन थेट जमिनीवर पडत नाही. निळी-हिरवी घेतली तर घरातल्या माणसांचे चेहरे आणि ताटातली भाजी दोन्ही त्या रंगाची दिसतात, आईनं पहिल्याच दिवशी नावं ठेवली होती. आणि होळी झाली की शीटच्या वर एक फूट अंतर सोडून शेडनेट ताणा, रोपवाटिकेवर असतं तेच, ५० टक्के सावलीचं. कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळतं, काही शे रुपयांचं काम. शीटला चिकटवून टाकू नका, मधली हवा खेळती राहिली तरच फायदा. मृगाआधी काढून घडी घालून ठेवा, वाऱ्यात फाटून उडालेलं नेट गटारात अडकतं.

माळवदाचं साणं असेल तर

धाराशिव, लातूर, बीडकडे अजून कितीतरी माळवदाची घरं नांदती आहेत. तिथल्या साण्यावर पावसाळ्यात पत्र्याचा तुकडा आणि वर दगड ठेवायची पद्धत आहे. घरात अंधार, आणि वाऱ्यानं पत्रा सरकला की पाणी. दोन बाय दोन फुटांच्या साण्याला अडीच बाय अडीच फुटांची ४ एमएमची भरीव पॉलिकार्बोनेट शीट लावा. वजन पावणेतीन किलो, किंमत हजार-बाराशे. हलक्या पाइपची चौकट आणि मजुरी धरून चार-पाच हजारांत होतं.

इथे एकच गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. साणं मोठं करायला तुळई किंवा किलचण (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या) कापू नका, आणि साण्याभोवती विटा-सिमेंटचा जड काठ बांधू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी माणसं गेली, त्यातली बहुतेक मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आल्यानं गेली. माळवदावर आणखी ओझं चढवणारं कुठलंही काम इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. काठाला सागाची किंवा बाभळीची फळी उभी लावून, तिच्या बाहेरून पत्र्याची पट्टी वाकवून पांढऱ्या मातीखाली दाबायची. दरवर्षी मृगाआधी पांढरी टाकताना त्या पट्टीवरून पुन्हा थापायचं.

कधी करायचं आणि पैसे कसे द्यायचे

दिवाळी ते संक्रांत हा उत्तम काळ. गच्ची कोरडी, मिस्त्री उन्हानं हैराण नाही, सिलिकॉन नीट धरतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात फॅब्रिकेटरकडे रांग असते, तेव्हा तो काठ सुकायची वाट बघत नाही. थंडीत बसवलेल्या शीटला वाढायला जागा सोडायला सांगायला मात्र विसरू नका.

लेखी कोटेशनमध्ये या गोष्टी हव्यात: शीटची जाडी आणि पोकळ की भरीव, झडीसकट चौरस फूट, चौकटीचा पाइप कोणत्या मापाचा आणि किती एमएम, लोखंडाचा किलोचा भाव, जीएसटी धरून की वेगळा, काठाची दुरुस्ती कुणाकडे. चौकट वर चढवण्याआधी तुमच्यासमोर वजन करा. शीटचं पक्कं बिल घ्या. पिवळी न पडण्याची हमी कंपनी देते, पण बिलाशिवाय दाद लागत नाही. पैसे सामान आल्यावर ४० टक्के, चौकट बसल्यावर ४० आणि उरलेले २० पाण्याच्या चाचणीनंतर. शेवटच्या २० टक्क्यांवर ठाम राहा. मी पहिल्या वेळी सगळे आधीच देऊन बसलो होतो.

कामाच्या दिवशी चौकाखालची खाट, टीव्ही हलवा, ताडपत्री अंथरा आणि घरातल्या कुणालाही खालून जाऊ देऊ नका. वरच्या कामगारांना शीटवर पाय न ठेवता फळी आडवी टाकूनच काम करायला लावा. गच्चीवरून जाणारी विजेची तार जवळ असेल तर अॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्या उभ्या धरू देऊ नका.

पाण्याची चाचणी

सिलिकॉन लावल्यावर एक दिवस जाऊ द्या. मग खालून वर जायचं: आधी काठाच्या पायाशी पाणी, दहा मिनिटं थांबून आत बघा. मग काठाच्या अंगावर. मग शीटच्या खालच्या कडेवर, मग स्क्रूंवर, शेवटी सगळ्यात वर. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडूनच वाहतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. पाइप तासभर चालू ठेवायची गरज नाही. २०१६ मध्ये ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या मुलखात चाचणीसाठी टाकी रिकामी करणं मला पटत नाही. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन बादल्या पुरतात, आणि गच्चीच्या पाइपखाली ड्रम ठेवला तर बरंचसं पाणी झाडांना परत मिळतं.

यानंतरची निगा थोडकी. होळीनंतर आणि दिवाळीआधी साध्या साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं धुवा. थिनर, अॅसिड, भांड्यांची पावडर यातलं काही लावू नका. कडुनिंबाचं झाड जवळ असेल तर खालच्या कडेला साचलेला पाला दर पंधरा दिवसांनी काढा. आणि बसवलेल्या दिवशीच चौकटीच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा: तारीख, शीटची जाडी, माप आणि कोणतं सिलिकॉन वापरलं. आमच्याकडे ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की वाचता येतं. पुढच्या वेळी शीट बदलायला जो कुणी घरात असेल, त्याला सगळं खणून बघावं लागणार नाही.